तरीवरचं नाव

सौदीतल्या हुफूफच्या बाहेर, खजुराच्या एका बागेत, सकाळी साडेआठ वाजता इसहाक सारंग लॅपटॉपसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसला. मुंबईत तेव्हा अकरा वाजले होते. विधिमंडळाच्या एका समितीची बैठक सुरू होत होती आणि साक्ष द्यायला त्याला बोलावलं होतं.

इसहाक रास अल खैरच्या प्लांटमध्ये ऑपरेटर. समुद्राचं पाणी गोडं करून वाळवंटात धाडायचं, हे त्या प्लांटचं काम. कॅम्पातल्या खोलीत रात्रपाळी करून आलेले तिघं घोरत असत, तिथे बैठक कशी जमणार? म्हणून दोन दिवसांची सुट्टी घेऊन तो मावसभाऊ तल्हाकडे आला होता. तल्हा या बागेच्या मालाचं पॅकिंग बघायचा. त्याने शेडच्या मागची खोली झाडून दिली, पंखा लावून दिला.

"नंबर कधी लागेल, भाई?"

"शेवटचा विषय आपला. आधी मधमाश्या, मग वाचनालयं, मग आपली तर, खाडीवरची."

"मधमाश्यांचा पण कायदा?" तल्हा हसत चहा ठेवून गेला.

पडद्यावर लांबलचक टेबल होतं. टोकाला समितीप्रमुख ज्ञानदा देवस्थळी, चष्म्यावरून बघणाऱ्या. भिंतीकडच्या खुर्च्यांमध्ये, अगदी कोपऱ्यात, हिरवी ओढणी दिसली. बदरुन्निसा. इसहाकची धाकटी बहीण. गावाहून रात्रभर एसटीने येऊन ती ताठ बसली होती.

मधमाश्यांवर बराच वेळ बोलणं चाललं. रानातल्या पोळ्यावर हक्क कुणाचा, झाडाच्या मालकाचा की काढणाऱ्याचा? मग वाचनालयांच्या मंडळावर एका निवृत्त शिक्षकाची नेमणूक आली. त्यांना कुणीतरी विचारलं, पुस्तकांना वाळवी लागली तर काय कराल? ते गृहस्थ उन्हात पुस्तकं कशी पसरावीत ते सावकाश सांगत राहिले. इसहाकने इतकं मराठी एकामागून एक कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कलम, पोटकलम, पोळं, वाळवी, पाने पंधरा ते अठरा. शब्द पंख्याच्या वाऱ्यावर येत होते आणि खिडकीबाहेर पाटाचं पाणी माडांच्या, नव्हे, खजुरांच्या बुंध्यांतून वाहत होतं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन झावळ्यांतून उतरून जमिनीवर हलत होतं. डोळे मिटले नव्हते, तरी पाट रुंद होत गेला. पलीकडचा काठ लांब सरकला. कांदळवनाचा खारट, कुबट वास आला. अब्बा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभे राहून पलीकडच्या धक्क्यावरच्या माणसाला हाळी देत होते आणि त्या माणसाचा आवाज पाण्यावरून उशिरा येत होता.

हे त्याचं जुनं स्वप्न होतं. पाळीत, मोठमोठ्या पंपांच्या घुमण्यात, रोज कधीतरी तो ते बघायचा. फायनल एक्झिट घ्यायचं, सौदी कायमचं सोडून गावी जायचं, भरती लागली की अब्बांसारखं नाळेवर उभं राहून उतारूंची तर सोडायची. पहिल्या खेपेला शाळेची पोरं, मग कोळणी, मग दवाखान्याला निघालेले म्हातारे. अब्बा गेल्यावर तरीचा परवाना त्याच्या नावावर झाला होता. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, इकामाच्या, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्याच्या, प्रतींबरोबर, त्याने एकोणीस वर्षं जपला होता.

"इसहाक सारंग आहेत का लाइनवर?"

तो दचकला. खाडी मिटून पुन्हा पाट झाला.

"आहे, मॅडम."

ज्ञानदाबाईंनी विषय सांगितला. खाडीवरच्या तरींसाठी नवं विधेयक येत होतं आणि त्याबरोबर एक तर मंडळ. मंडळावर तर चालवणाऱ्यांमधून एक सदस्य नेमायचा होता आणि गावच्या ग्रामसभेने बदरुन्निसाचं नाव पाठवलं होतं. अट एवढीच, की दहा वर्षं तर चालवल्याची नोंद हवी.

"आणि अडचण तिथेच आहे," टेबलाच्या मधून एक सदस्य म्हणाले. केरू गावणकर, स्वतः किनाऱ्यावरचे, आवाज भरदार. "परवाना या गृहस्थांच्या नावावर. बाईंची नोंद कुठेच नाही. सारंग, हे जरा बघा."

पडद्यावर एका नोंदवहीचं पान आलं. तारीख, खेपा, उतारू. शेवटच्या रकान्यात, ओळीखाली ओळ, एकच सही: इसहाक सारंग. 'ह'चं पोट मोठं, 'क' जरा कललेला.

"ही सही तुमची?"

इसहाक त्या अक्षरांकडे बघत राहिला. तो सौदीला निघाला त्या वर्षी बदरुन्निसाला त्याने स्वयंपाकघरात बसवून ही सही गिरवायला शिकवली होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. 'मी येईपर्यंत तू चालव. रोज सही कर, म्हणजे परवाना मरणार नाही.' दोन वर्षांचं बोलणं होतं ते.

हो म्हटलं, तर परवाना राहत होता, पण बहिणीची नेमणूक बुडत होती. नव्या विधेयकात तसं कलमच होतं. परवानाधारक स्वतः तर चालवत नसल्यास परवाना रद्द. आणि नाही म्हटलं, तर बहिणीने इतकी वर्षं खोटी सही केली, असा अर्थ निघत होता. तीही तिच्यासमोर, भरल्या खोलीत.

"सारंग, ऐकू येतंय ना?"

"येतंय, साहेब." तो घोटभर पाणी प्यायला. "नाव माझं आहे. हात तिचा आहे."

टेबलाभोवती कुजबुज झाली.

"मीच तिला शिकवली ही सही. मीच सांगितलं तसं करायला. चूक असेल तर ती माझी लिहा. मी एकोणीस वर्षांत वल्ह्याला हात लावलेला नाही. सुट्टीत आलो तरी उतारू म्हणून बसतो. त्या वहीत जेवढ्या सह्या आहेत, तेवढे दिवस ती पाण्यावर होती."

"सुट्टीत एखाद-दुसरी खेप तरी मारत असाल?" ज्ञानदाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. त्या त्याला वाट काढून देत होत्या, हे त्याला कळलं.

"नाही, मॅडम. एकदा मारायला गेलो. होडी गाळात घातली. खाडीचा गाळ सरकलाय, मला माहीत नव्हतं. हिनेच उतरून ढकलली."

कुणीतरी हसलं. गावणकर हसले नाहीत. त्यांनी मागे वळून विचारलं, "बाई, हे खरं?"

बदरुन्निसा उभी राहिली. मायक्रोफोन तिच्यापर्यंत यायला वेळ लागला. "खरंय. पहिलं वर्षभर वाटायचं, हा येईल नि माझी सुटका होईल. मग एकदा पावसात अडलेली बाई रातोरात पलीकडे नेली. बाळ होडीतच झालं. त्यानंतर सुटका नको वाटली. पण वहीत नाव बदला, असं मी कुणाला सांगणार? भावाचं होतं ते."

"भरती कधी लागते आज तुमच्याकडे?" गावणकरांनी एकदम विचारलं.

"दुपारी दोनच्या सुमारास. पण धक्क्याला पाणी अर्धा तास उशिरा लागतं. मधे वाळूचा दांडा झालाय, मागल्या वर्षापासून."

गावणकरांनी पेन खाली ठेवलं. "माझी हरकत नाही," ते म्हणाले.

नंतर बराच वेळ कलमाच्या शब्दांवर गेला. गावाने साक्ष दिल्यास प्रत्यक्ष तर चालवणाऱ्याचा अनुभव धरावा आणि परवाना त्याच व्यक्तीच्या नावे करावा, अशी दुरुस्ती ज्ञानदाबाईंनी सांगितली आणि टंकलेखकाने ती पडद्यावर उमटवली. एका सदस्याचं म्हणणं होतं की खोट्या नोंदीला बक्षीस मिळता कामा नये. त्यांचंही टिपून घेतलं. मग हात वर झाले. नेमणुकीची शिफारस मंजूर झाली, सात विरुद्ध तीन.

"सारंग, तुमचा परवाना मात्र जाईल. समजलंय ना?"

"समजलंय, मॅडम."

"आभारी आहोत," त्या म्हणाल्या. पडदा काळा झाला आणि त्यात इसहाकला आपलाच चेहरा दिसला.

तो बाहेर आला. पाटाच्या कडेला चपला काढून त्याने पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. छातीत मोकळं वाटत होतं आणि तिथेच काहीतरी रिकामंही झालं होतं, घरातलं कपाट हलवल्यावर भिंतीवर नुसती जागा उरते तसं. त्याने डोळे मिटून खाडी आणून बघितली. खाडी आली. होडीही आली. फक्त नाळेवर आता तो नव्हता.

फोन वाजला.

"भाई." मागे गाड्यांचे हॉर्न, माणसांचा गलका. बदरुन्निसा रस्त्यावर उभी होती. "रागावलास?"

"कशाला? तू दमली असशील. जेवलीस का?"

"नाही अजून. भाई, मला माझी सही येत नाही. तुझीच येते. तिकडे नेमणुकीच्या कागदावर करायला सांगितली, तर हात आपोआप तुझ्याच नावाकडे गेला. थांबवला मी. त्या समितीच्या बाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारी करा."

"बघ, सोपं आहे. आधी 'ब' काढायचा. कागद आहे जवळ?"

"एसटीचं तिकीट आहे."

"चालेल. त्याच्या पाठीवर काढ."

तल्हा शेडच्या दारात आला, काय झालं म्हणून हातानेच विचारू लागला. इसहाकने त्याला थांबायची खूण केली. पाय पाण्यात तसेच ठेवून तो बहिणीला एक एक अक्षर सांगत होता आणि ती मुंबईच्या फुटपाथवर, वाटेतून बाजूला होऊन, ते हळूहळू गिरवत होती.