जुन्या भावाची गादी

दर्यापुरात नबीभाईचं गाद्या भरायचं दुकान होतं. पिंजायची मशीन सुरू असली, की गिऱ्हाईकाचं बोलणं त्याच्या कानावर येत नसे. पण उकंडरावांचा आवाज मशीनलाही भारी पडला.

"एका गादीचे सहाशे? चार गाद्यांचे चोवीसशे? तुह्या बापानं वीस रुपयांत भरून देल्ती मले! तोच भाव लाव."

रोज कुणी ना कुणी हेच ऐकवायचं. आज मात्र नबीभाईचं डोकं फिरलं. त्यानं मशीन बंद केली.

"लावतो ना, काकाजी. पण अब्बाचा भाव, तर रीतही अब्बाचीच. ते कापूस पिंजाची धनुकली घेऊन तुमच्या अंगणात बसत होते. उद्यापासून मीही बसतो. हातानं पिंजाचं म्हणजे चार गाद्यांले आठवडा लागते. तवरोक माहा चहा, दोन वक्ताचं जेवण तुमच्याचकडे."

"ये ना मंग! जेवणाले कोण भेते?" उकंडराव हसले.

पार्वताकाकू इतका वेळ नवऱ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन उकंडरावांच्याच खिशातून नोटा काढल्या आणि गल्ल्यावर आपटल्या.

"मशीन चालू कर, नबी. याईले जुना काळ गोड लागते. तवा चुलीपाशी मी बसत होती!"