रोशनीचं कागदावरचं वय

रोशनीचं खरं वय एकोणचाळीस, आधार कार्डावरचं बेचाळीस, आणि पेन्शनच्या त्या योजनेत नाव घालायला चाळीसच्या आत असावं लागतं. एवढीच काय ती भानगड. पण या एवढ्याशा भानगडीनं बाईची झोप उडाली होती.

प्रताप नगरात ती चार घरचा स्वयंपाक करते. त्यातल्या नीला मॅडमनी सांगितलं होतं, दर महिन्याला थोडे थोडे भरत गेलीस तर तितकेच सरकार घालतं आणि साठीनंतर मरेपर्यंत पेन्शन देतं. ते ऐकून रोशनीने त्या दिवशी दोन पोळ्या करपवल्या. तिच्या डोळ्यांपुढे तिच्याजवळच राहणारी तिची माय होती, अंजनाबाई. पासष्टी उलटली तरी माय अजून लोकांकडे गहू निवडायला जाते आणि जिना चढताना दर चार पायऱ्यांनी थांबते. आपल्या म्हातारपणी असं नको, एवढीच रोशनीची इच्छा होती.

आता आधारवर तीन वर्षं वाढली कशी? सामूहिक विवाहात नाव द्यायला अठरा पूर्ण लागायचे, आणि पोरगी होती पंधराची. मायनं गावातून अठराचा दाखला लिहून आणला. काम भागलं. मग त्या दाखल्यावरून मतदार कार्ड निघालं, अन् त्याच्यावरून आधार. खोटं एकदा कागदावर चढलं की ते सरकारी होतं, बाप्पा, त्याला कोण हात लावतो?

सेवा केंद्रातला अंकित म्हणाला, "ताई, शाळेचा दाखला आणा, तारीख सुधरते. पण लवकर करा. एप्रिलात तुमचे खरेच चाळीस भरून राहिले."

रोशनीने एक दिवस चारही घरं बुडवली आणि कळमेश्वरजवळच्या आपल्या गावी गेली. शाळेतल्या मयुरा मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत नाव शोधलं. नाव सापडलं तेव्हा रोशनीला इतका आनंद झाला की तिने त्यांचा हातच धरला.

"एक जुलै," त्यांनी तारीख वाचली, मग वर्ष वाचलं.

रोशनीने बोटांवर मोजलं. परत मोजलं. "मॅडम, मी एप्रिलची आहो. जयंतीच्या दोन दिवस आधीची. अन् वर्ष हे नाही, याच्या पुढचं."

"तेव्हा सहा भरल्याशिवाय पहिलीत घेत नव्हते," त्या म्हणाल्या. "मग गुरुजी एक जुलै टाकून सहा भरवून द्यायचे. इथं अर्धं गाव एक जुलैचं आहे."

म्हणजे दाखल्याप्रमाणेही तिला चाळीस उलटून पाच महिने झाले होते. तरी तिने दाखला घेतला. अंकितने तो पाहिला आणि जन्माची नोंद आहे का विचारलं. घरी जन्मलेल्या पोरीची नोंद कोण करणार होतं? त्याने नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी माय वाटच पाहत होती. "झालं काय वं?"

"पहिलीत घालताना माहं वय काहून वाढवलं, माय?"

अंजनाबाईला आठवायला वेळ लागला नाही. "मी लोकाच्या वावरात निंदाले जाओ. तुले पाहाले घरी कोणी नव्हतं. गुरुजीच्या पाया पडली मी."

रोशनीला संताप आला, आणि तो काढावा कुणावर हे कळेना, म्हणून जास्तच आला. शाळेसाठी मोठी केली, लग्नासाठी मोठी केली. जो तो तिला मोठं करायच्या घाईत होता. आता हात चालतात तोवर पोळ्या लाटायच्या, आणि चालेनासे झाले की काय, ते तिला माहीत नव्हतं.

माय उठली, तिने चप्पल पायात घातली. "चाल, मी येतो त्या पोराजवळ. जयंतीचा मंडप टाकून राहिले होते तवा झाली तू. मी जन्म देला, मले नाही मालूम तं कोणाले मालूम?"

"तुह्या तोंडाचं नाही चालत, माय. कागद लागते."

अंजनाबाई दारातच उभी राहिली.

"कागद तं मीच देल्ले होते," ती म्हणाली.