लानूसची गिटार

रोखेलियोने गाण्याच्या कार्यक्रमाच्या भर गर्दीत शर्ट वर केला आणि पोटाला गुंडाळलेलं कापड सोडायला सुरुवात केली. गेटवर झडती घेणाऱ्या पोलिसाने त्या पोटावर थाप मारून, "बिअर कमी कर, म्हाताऱ्या," एवढंच म्हणून त्याला आत सोडलं होतं. आता ते पोट वेढ्यावेढ्याने उतरलं आणि आत आणायला मनाई असलेलं लांबलचक निशाण मोकळं झालं. गडद लाल कापडावर पांढरी अक्षरं होती, लानूस, त्याच्या उपनगराचं नाव. आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

एक टोक त्याने धरलं, दुसरं पुतण्याने, म्हणजे लाउतारोने. लाउतारोच्या आईच्या, निल्दाच्या हातात दोघांचे अर्धवट खाल्लेले चोरिपान, सॉसेज भरलेले पाव, आले. घरात काय आणि मैदानात काय, तिच्या वाट्याला उष्टं सांभाळणंच यायचं.

"तुम्ही लानूसचे?" शेजारच्या मुलीने विचारलं.

झालं. रोखेलियोला तेवढंच हवं होतं.

"अगं पोरी, हा तोर्दो आज एवढा मोठा गायक झालाय ना, त्याची पहिली गिटार कुणाची होती माहितेय? माझी! आमच्या क्लबात नाच होता. याच्या गिटारीची मान मोडली. रडकुंडीला आला होता बिचारा. मी म्हटलं, घे रे, वाजव. अजून परत केलेली नाही, लबाडाने!"

मुलीने तोंडावर हात नेला. निल्दा चोरिपानच्या कागदाची घडी करत राहिली. त्या संध्याकाळी ती क्लबात होती. लाल गिटार खांद्यावरून उतरवून तोर्दोच्या हातात दिली ती आन्सेल्मोने, तिच्या नवऱ्याने, रोखेलियोच्या थोरल्या भावाने. रोखेलियो तेव्हा शेंबडं पोर होता, रिकाम्या बाटल्या गोळा करत टेबलांखाली फिरत होता. पुढे तोर्दोचा बँड मोठा झाला तशी रोखेलियोची गोष्टही वाढली. आधी 'आमची गिटार' होती, मग 'माझी' झाली. रविवारी सगळे जमले की आन्सेल्मो निखाऱ्यांवर मांस उलटत खाली मान घालून हसायचा. रात्री ती तणतणली की म्हणायचा, "जाऊ दे गं. त्याला हवंय ते." दुसरी गिटार त्याने कधी घेतली नाही.

आन्सेल्मो गेला आणि मायलेक रोखेलियोच्या घरी, वरच्या खोलीत राहायला आले. लाउतारो त्याच्याच टायरच्या दुकानात काम करू लागला. ज्याच्या छपराखाली राहायचं त्याला खोटं कसं पाडायचं? निल्दाने तोंडाला कुलूप लावलं.

"आणि घरात आणखी कुणी वाजवायचं? भाऊबिऊ?" मुलीचा प्रश्न संपत नव्हता.

"आन्सेल्मो? माणूस देवासारखा, पण संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला!"

आणि लाउतारो हसला. चांगला खदखदून हसला.

ते हसू निल्दाच्या काळजात घुसलं. बापाची एवढी एकच गोष्ट होती सांगण्यासारखी, तीही पोराला ठाऊक नव्हती. छप्पर गेलं तरी बेहत्तर, आज याला सांगायचंच, असं तिने मनाशी ठरवलं.

ऊन गॅलरीच्या वर सरकलं आणि बँड मंचावर आला. सगळं मैदान उड्या मारू लागलं. तिसऱ्या गाण्यानंतर तोर्दो घाम पुसत पुढे आला. डोळ्यांवर हात धरून त्याने गर्दीत पाहिलं.

"लानूस! दिसतंय मला ते निशाण! अरे, तिथल्या एका पोराने मला गिटार दिली होती. लाल. मी ती परत केली नाही, आणि लाज वाटते सांगायला, त्याचं नावही विसरलो. आलाय का तो?"

मैदान एकदम गप्प झालं. कॅमेरा निशाणावर आला.

रोखेलियोचा हात वर गेला नाही. तो निल्दाकडे बघत होता. चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते. "वहिनी..." एवढं तिला ऐकू आलं. तो खरं बोलणार होता, याबद्दल तिला पुढेही कधी शंका वाटली नाही.

तेवढ्यात लाउतारोने वाकून काकाच्या पायांत मान घातली आणि त्याला खांद्यावर उचललं.

"हा! हा बघा!" तो ओरडला.

पडद्यावर रोखेलियोचं तोंड घराएवढं झालं. मैदान गरजलं. तोर्दोने छातीवर हात ठेवला. "घरी येऊन घेऊन जा रे! हे गाणं तुझं!" ढोल सुरू झाले. पोरांनी रोखेलियोला हातोहात पुढे नेलं. लाउतारो धापा टाकत आईजवळ आला.

तिने त्याची कॉलर धरून कान तोंडाशी ओढला.

"ती गिटार तुझ्या बाबांची होती."

"माहितेय."

"काय?"

"बाबांनीच सांगितलं, दवाखान्यात. म्हणाले, तुझ्या आईपाशी विषय काढू नकोस, उगाच भांडत बसेल."

"आणि तरी तू त्याला डोक्यावर घेतलंस? मघाशी हसलास?"

"मग काय करू, आई? बाबा असते तर खाली मान घालून हसत उभे राहिले असते. एवढं मैदान विचारतंय, कुणीतरी वर जायला नको?"

तिचा हात उठला. तो त्याच्या गालापर्यंत गेला नाही, कारण तिला आन्सेल्मो दिसला, अगदी तसाच, खाली मान घालून हसणारा. पोरगं खोटं बोलत नव्हतं. बापाला त्याने पुरतं ओळखलं होतं आणि ओळखूनच टाकून दिलं होतं.

रोखेलियो परतला तो घामाने निथळत, लहान मुलासारखा रडत. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, बघितलंस? बघितलंस ना?"

निल्दाने मान खाली घातली.

"बघितलं," ती म्हणाली, आणि हसली.

लाउतारोने मागून तिचा खांदा हलकेच दाबला, शाबासकी दिल्यासारखा.