डावा खांदा

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात दुपारी तीनचं ऊन कापडाच्या ताग्यासारखं उलगडत येतं. टेबलावर, खडूवर, गुंडाळलेल्या टेपवर. त्यात धाग्यांचा भुगा तरंगत असतो आणि सगळं दुकान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. गप्प बसून बघावं असं. पण मावशीच्या भाचीला गप्प बसणं जमतंय कुठे? घरात तिचं नावच रेडिओ. मावशी म्हणते, हा बंद करायचं बटण बसवायला कंपनी विसरली.

आज रेडिओ भलतीच खुशीत होती. स्वतः माप घेऊन, स्वतः बेतून शिवलेला तिचा पहिला कोट आज अंगावर चढणार होता. कोट पोस्टमनकाकांचा. उद्या त्यांचा निरोपसमारंभ, एकतीस वर्षांची नोकरी संपणार. कोट नीट बसला तर पुढच्या गिऱ्हाइकाचं मापही तूच घे, असं मावशीने कबूल केलं होतं.

काकांनी कोट चढवला. पिशवी अडकवून अडकवून त्यांचा डावा खांदा बोटभर खाली आलेला. रेडिओने आतून पॅड घालून तो असा काही उचलला होता की आरशात दोन्ही खांदे एका रेषेत.

"खांद्याचं मी मापाच्या दिवशी…" काकांनी सुरुवात केली.

आठवतंय ना काका, म्हणत रेडिओ सुटली. कापूस किती भरला, टाके किती घातले, कॉलरने कसा जीव खाल्ला. काकांनी पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांचं वाक्य तिनेच पूर्ण करून टाकलं. तिसऱ्यांदा ते नुसते हसले. "छान झालाय, बाळ," म्हणाले आणि कोट काढायला लागले.

मावशीने मशीन थांबवलं. "आवडलेला कोट माणूस आरशाकडे पाठ करून काढतो का गं?"

रेडिओची कानशिलं गरम झाली. तिने काकांना स्टूल दिलं. "काका, तुम्ही सांगत होतात आणि मी मध्येच बोलले. आता सांगा ना."

काका आधी कोटाची घडी घालू लागले. रेडिओच्या जिभेवर चार वाक्यं आली, तिने चारही गिळली. मग काका हळूहळू बोलू लागले आणि दुकानात गल्ल्या शिरल्या. एक उंच लाकडी जिना आला, वाट बघणारी एक खिडकी आली, त्यांना बघून न भुंकणारा एकुलता एक कुत्रा आला. सगळे त्या उन्हातून तरंगत गेले. रेडिओला वाटलं, आपण श्वास जोरात घेतला तरी ते विरून जातील.

"आरशातला तो माणूस रुबाबदार आहे," काका शेवटी म्हणाले. "पण त्याने पत्रं वाटलेली नाहीत. लोक मला लांबून या खांद्यावरून ओळखतात, बाळ. उद्या तोच नसला तर?"

पॅडला रेडिओचे दोन रविवार गेले होते. ते कुणाला दिसणारसुद्धा नव्हतं, एवढं सुबक. तिने कोट मांडीवर घेतला, ब्लेड उचललं आणि अस्तराची शिवण उसवायला घेतली.

"त्या खिडकीत कोण असायचं, काका?"

काका दारातल्या उन्हाकडे बघू लागले. रेडिओने ब्लेड बाजूला ठेवलं आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.