ऱ्हस्व उकार

त्यांनी आपल्याच ब्लॉगवरच्या लेखातलं एक अख्खं वाक्य, स्वल्पविरामासकट, शोधाच्या चौकटीत टाइप केलं आणि वाट पाहिली. काहीच सापडलं नाही.

"पुन्हा टाका, काका. एखादं अक्षर चुकलं असेल," ग्रंथपाल बाई शेजारून म्हणाल्या.

"माझं?"

एकतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस तो. बाईंनी हसून माउस हातात घेतला. काकांच्या ब्लॉगच्या सेटिंगमध्ये, अगदी तळाशी, एक ओळ होती: ‘सर्च इंजिनला हा ब्लॉग दाखवा’. पुढचं बटण बंद होतं.

"अहो, दुकान थाटलंत आणि सहा वर्षं शटरच उघडलं नाहीत! हे बंद असलं की ज्याला पत्ता ठाऊक, तोच येणार. कुणाकुणाला दिलाय पत्ता?"

"कुणाला कसं सांगायचं, माझं वाचा म्हणून?" ते पुटपुटले. "मुलीनं उघडून दिला ब्लॉग. तिलाच तेवढा..."

वाक्य तिथेच राहिलं.

नाव न लिहिता अभिप्राय देणाऱ्याला तो ब्लॉग ‘एक वाचक’ म्हणत असे. असा एक वाचक त्यांच्या प्रत्येक लेखाखाली येऊन जाई. ‘वाचुन बरं वाटलं.’ उकार ऱ्हस्व. दिसेल ती चूक खोडणाऱ्या या माणसानं ही एक चूक कधी बोलून दाखवली नव्हती. लांबच्या गावातला, फारसं न शिकलेला कुणी भला माणूस असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दर रविवारी ते त्याच्यासाठी लिहीत.

खिशातून फोन काढून त्यांनी मुलीचा सकाळचा निरोप पाहिला. ‘जेवुन घ्या. संध्याकाळी येते.’

ती आली तेव्हा ते खुर्चीतून उठले नाहीत.

"ते बटण तू बंद केलंस?"

तिच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"बाबा, मासिकानं एक गोष्ट परत पाठवली, तर वर्षभर तुम्ही पेनाला हात लावला नव्हता. आणि नेटवर लोक कसे तुटून पडतात, तुम्हाला माहीत नाही. म्हटलं..."

"म्हटलं, म्हाताऱ्याच्या हातात एक खुळखुळा द्यावा."

"असं काय बोलता? मी वाचत होते ना! एकूण एक लेख."

"हो. आणि दर वेळी बरं वाटत होतं."

त्यांनी चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला आणि घराचं झाकण दोनदा दाबलं.

"‘वाचून’मधला ऊ दीर्घ असतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "शाळेपासून सांगतोय."

ती चहा न घेताच गेली. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, ते बटण शोधलं आणि चालू केलं.

दोन रविवार लेखाखालची जागा कोरी राहिली. तिसऱ्या रविवारी तिथे एक ओळ होती.

एक वाचक: ‘वाचून बरं वाटलं.’

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दीर्घ. कुणीतरी खरंच आलं होतं. मग त्यांनी हळूच फोन उचलून मुलीचा सकाळचा निरोप उघडला.

‘जेवून घ्या, बाबा.’

तिथेही दीर्घ.