चौथा चिमटा

अँब्युलन्स चालवते म्हणून तिला सगळे अँब्युलन्सताईच म्हणत. चालकांच्या सुरक्षा प्रशिक्षणाला तिला यायचं नव्हतं; साहेबांनी यादीत घातलं म्हणून आली. सकाळी प्रशिक्षक फळ्यापुढे उभा राहून बोलायला लागला आणि आवाज कानावर पडताच तिच्या हातातलं पेन थांबलं. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण माणूस तोच. मिस्त्री.

बारा वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ याच मिस्त्रीच्या हाताखाली गॅरेजात होता. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला केबल जोडून चालू करताना मिस्त्रीने घाईघाईत केबलचा शेवटचा चिमटा थेट उतरलेल्या बॅटरीवर लावला. ठिणगी उडाली, बॅटरी फुटली आणि शेजारी वाकलेल्या दादाच्या तोंडावर ॲसिड आलं. एक डोळा गेला, दुसऱ्याने आता नुसत्या सावल्या दिसतात. दादा इस्पितळात असतानाच मिस्त्रीने मालकाला सांगून टाकलं की चिमटा दादानेच लावला. झालं, पाप दादाच्या माथी बसलं. पुढे कोणी त्याला काम दिलं नाही. तेव्हापासून तिने मिस्त्रीला मनातल्या मनात किती तऱ्हांनी मारलं, त्याला गणती नव्हती.

दुपारच्या सुट्टीत मिस्त्रीची गाडी चालू होईना. सकाळी लावलेले दिवे तसेच राहिले होते. तीन वाजता त्याची मुख्य कार्यालयात मुलाखत होती, सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेसाठी. हे त्याने सकाळपासून चारदा ऐकवलं होतं. केबल फक्त अँब्युलन्समध्ये होत्या. तो तिच्याकडे आला, ताई-ताई करत गोड बोलला. त्याने तिला ओळखलं नव्हतं. दादाचा डबा घेऊन ती तीन वर्षं त्या गॅरेजात जायची, आणि त्या डब्यात हाही हात घालायचा.

तिने अँब्युलन्स त्याच्या गाडीसमोर आणली, पण गाडीला टेकू दिली नाही. इंजिन बंद केलं, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावला. लाल-काळ्याची उलटापालट केली तर गाडीतलं वायरिंग क्षणात जळेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात शिवशिवले. पण खोटं गाडी बोलली नव्हती.

ती त्याला म्हणाली, तुम्ही शिकवणारे, तुम्ही सांगत जा, मी जोडते. जेवण आटोपून चालक भोवती जमले होते. मिस्त्रीला ते आवडलं. त्याने आधी बॅटरी तडकलेली किंवा फुगलेली नाही ना, ते बघायला लावलं. मग लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. तिने एकेक लावला. चौथा तिच्या हातात राहिला.

"आणि हा?"

"इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. बॅटरीपासून लांब."

"बॅटरीवर का नाही?"

"गॅस असतो. ठिणगी पडली तर फुटते."

"मग माझ्या दादाच्या तोंडासमोर बॅटरीवर का लावलात, मिस्त्री?"

त्याने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. हे इथे नको, नंतर बोलू, असं तो पुटपुटला. ती म्हणाली, मला घाई नाही. सव्वादोन वाजले होते. एका वयस्कर बसचालकाने काय प्रकार आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिने चार वाक्यांत सांगितलं. मिस्त्री म्हणाला, पोराचीच चूक होती. त्यावर ती लावलेला काळा चिमटा काढायला वळली.

"थांब," तो म्हणाला.

"कोणी लावला होता?"

"मी."

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"मी लावला होता. तो नको म्हणत होता मला."

चिमटा कोणी लावला ते दादाने तिला सांगितलं होतं, पण हे शेवटचं तिला माहीत नव्हतं. मग तिने चिमटा इंजिनाच्या बोल्टला लावला, अँब्युलन्स चालू केली आणि पाच मिनिटं तशीच ठेवली. त्या पाच मिनिटांत कोणी त्याच्याशी बोललं नाही. तो खाली मान घालून उन्हात उभा होता. त्याची गाडी चालू झाली. तिने उलट्या क्रमाने चिमटे काढले, केबल गुंडाळल्या.

प्रशिक्षणाचे अधिकारी व्हरांड्यातून ऐकत होते. त्यांनी तिचा लेखी जबाब घेतला. त्याखाली तेवीस चालकांनी साक्षीच्या सह्या केल्या. ती जागा मिस्त्रीला मिळाली नाही, आणि पुढच्या तुकडीला शिकवायला दुसराच माणूस आला. तिला तसूभरही वाईट वाटलं नाही.

त्या संध्याकाळी तिने दादाला सगळं सांगितलं आणि विचारलं, तू नको म्हणाला होतास, हे कधी बोलला का नाहीस?

"बोललो होतो की. पहिल्याच दिवशी, आईला," दादा म्हणाला. "तिला खरं वाटलं नाही."

आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, मुलाने घाई केली असंच धरून. दादाने मिस्त्रीचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. त्याने आणखी एकदा सांगायला लावलं. आता राग उतरेल असं तिला वाटलं होतं. तो मिस्त्रीवरच, आता आईच्या वाट्याचा म्हणून, नव्याने चढला.