एकाच बसने कोर्टात

इमोजीन टार्लटन माझ्या शेजारच्या घरात राहते. डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलं. आमच्या मिल हॉलोमध्ये गाडी बंद होणं म्हणजे माणूस घरात कोंडल्यासारखाच. सगळं वरच्या गावात, डोंगरापलीकडे : दवाखाना, बाजार, कॉलेज, कोर्ट. पण काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारने, बस फुकट केली आणि इमोजीन पुन्हा हिंडायला लागली. कॉलेजच्या मुलांनी कार्ड दाखवायचं, आम्ही इथले रहिवासी नुसतेच चढायचो, आणि ज्यांना ज्युरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांत, बोलावलंय त्यांनी कोर्टाचा पिवळा बिल्ला दाखवायचा.

हिवाळ्यात तिला ज्युरीचं बोलावणं आलं. पूर्वी असतं तर "गाडी नाही" म्हणून सुटली असती. आता ते कारण चालेना.

"मिस इमोजीन, एवढा बिल्ला मिरवत चढता, मला कधी आत टाकणार?" बसचा ड्रायव्हर ऑटिस रोज तिला चिडवायचा. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"तू वळणावर असाच गाणी म्हणत राहिलास तर लवकरच," ती म्हणायची.

खटला लेलँड कूट्सचा होता. लेलँड पावाची व्हॅन चालवायचा. शरद ऋतूत एका संध्याकाळी त्याच्या व्हॅनने दरीच्या रस्त्यावर नेल्सन ब्रॅकेट या सायकलवरच्या पोराला उडवलं. नेल्सन कामावरून घरी चालला होता. तो तिथेच रस्त्यावर गेला. लेलँडवर दोन आरोप होते. एक, निष्काळजीपणे गाडी चालवून जीव घेतला. दुसरा त्याहून वाईट : पोराला रस्त्यावर टाकून पळाला. एका बाईने व्हॅन घाईघाईने वर जाताना पाहिली होती. मदतीचा फोन लेलँडनेच केला हे खरं, पण सरकारी वकीलबाई म्हणत होत्या की आधी घाबरून पळाला, मग आपली कातडी वाचवायला फोन केला. लेलँड पोलिसांसमोरही काही बोलला नव्हता आणि कोर्टातही बोलत नव्हता. वकिलाने त्याला तोंड शिवून बसायला सांगितलं होतं.

अडचण अशी झाली की जामिनावर सुटलेल्या लेलँडचं लायसन काढून घेतलेलं, आणि तो राहायला आमच्याच बाजूला. पहिल्याच दिवशी कोर्टातून घरी जायला इमोजीन बसमध्ये चढली, आणि शेवटच्या बाकावर लेलँड बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थेट कोर्टाच्या शिपायाला गाठलं. न्यायाधीश हेन्स बाईंनी दोघांनाही वकिलांसमोर ताकीद दिली.

"दुसरी बस नाही, हे मला माहीत आहे. मिसेस टार्लटन, तुम्ही पुढे बसायचं. मिस्टर कूट्स, तुम्ही मागे. एक शब्द नाही. 'नमस्कार' नाही, 'आज थंडी आहे' नाही. काहीही झालं तर मला सांगायचं."

तेव्हापासून इमोजीन अगदी पुढच्या बाकावर, ऑटिसच्या पाठीमागे बसायची आणि समोरच्या काचेवरून नजर हलवायची नाही. तरी मागचा माणूस तिला पाठीवर जाणवायचा. त्याचा खोकला ओळखीचा झाला होता. कोर्टात दिवसभर त्या पोराचे फोटो पाहायचे, बापाला पहिल्या रांगेत टोपी हातात घेऊन बसलेलं पाहायचं, आणि संध्याकाळी ज्याने हे केलं त्याच्याबरोबर एकाच बसने घरी यायचं. तिची झोप उडाली. मी विचारलं तर म्हणायची, "बोलायचं नाहीये गं मला. विचारू नकोस."

त्या गुरुवारी दुपारपासून बारीक गारठलेला पाऊस पडत होता. पडला की लगेच गोठायचा. बस कॉलेजपाशी जवळजवळ रिकामी झाली. पुढे इमोजीन, मध्ये मारिसोल नावाची कॉलेजची एक मुलगी, मागे लेलँड. उतार सुरू झाला. उजवीकडे डोंगराचा कडा, डावीकडे दरी.

ऑटिस गात नव्हता. इमोजीनच्या ते आधी लक्षात आलं. मग त्याने मान झटकली, कॉलर सैल केली.

"ऑटिस? बरं वाटत नाहीये का रे?"

"अं... छातीत जरा..." एवढंच तो म्हणाला आणि स्टेअरिंगवर कलंडला.

बसचा वेग वाढला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला होता. इमोजीन उठली, त्याचा खांदा ओढायला लागली, पण एवढं धूड तिला हलेना. समोरचं वळण तिला नीट दिसतही नव्हतं, नुसता पांढुरका झोत आणि त्यापलीकडे काळोख. मारिसोल किंचाळली.

इमोजीन मागे वळली. लेलँड मधल्या दांड्याला धरून उभा होता. तो धावत आला होता खरा, पण तिथेच थिजला होता. चेहरा पिठासारखा. तो स्टेअरिंगकडे बघत होता आणि त्याचे हात दांड्यावरून सुटत नव्हते.

"लेलँड!" ती ओरडली. "अरे बघतोस काय! ये ना इकडे!"

तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं आणि तो हलला. ऑटिसच्या अंगावरून वाकून त्याने आधी त्याचा पाय लाथेने बाजूला ढकलला. बसचं मागचं अंग दरीकडे घसरायला लागलं होतं. बर्फावर ब्रेक दाबला तर बस आणखी घसरेल, म्हणून लेलँडने तो लावला नाही. तो स्टेअरिंग हळूहळू उजवीकडे घेत गेला, डोंगराच्या कड्याकडे.

"खाली बसा! धरून बसा!"

उजवी बाजू दगडांवर घासली. काचा फुटल्या, दार आत चेपलं. पत्र्याचा आवाज थांबतच नव्हता. बस चरात उतरली, अडखळली, आणि तेव्हा लेलँडने पिवळी मूठ खेचून हँडब्रेक लावला. बस एकदाची थांबली.

सगळे जिवंत होते, पण ऑटिस श्वास घेत नव्हता.

दोघांनी मिळून त्याला खाली ओढून बाकांच्या मधल्या वाटेत निजवलं. लेलँड गुडघ्यांवर बसला आणि त्याची छाती दाबायला लागला, कोपर ताठ, सगळा भार हातांवर.

"फोन कर," इमोजीन मारिसोलला म्हणाली.

"लागत नाहीये! इथे रेंजच नाही!"

"बसचा रेडिओ आहे ना, त्याच्यावर बोल. काळं बटण दाबून धर."

मारिसोल रडत रडत रेडिओवर ओरडायला लागली. कोणीतरी उत्तर दिलं. ॲम्ब्युलन्स निघाली, पण रस्ता निसरडा होता, वेळ लागणार होता. दार डोंगराला चिकटलेलं, बाहेर पडायला वाट नव्हती. फुटक्या काचांतून पाऊस आत येत होता.

लेलँड थकला की इमोजीन दाबायची. तिची दमछाक झाली की तो परत सरसावायचा. त्याच्या नाकावरून घाम ओघळून ऑटिसच्या शर्टवर पडत होता. आणि दाबता दाबता तो पुटपुटायला लागला. तिच्याशी नाही, ऑटिसशीही नाही.

"त्या दिवशीही रेंज नव्हती. एवढा दाबला त्याला, एवढा दाबला. हाक मारत होतो. माझा हात धरलेला त्याने, मग सोडला. फोन लागेना म्हणून वर गेलो. मी पळालो नाही. मी पळालो नव्हतो रे..."

हे आपण ऐकायला नको, हे इमोजीनला कळलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "लेलँड, माझ्यासमोर बोलू नकोस. गप्प बस."

त्याने वर पाहिलं. त्या सगळ्या दिवसांत दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. मग तो गप्प झाला आणि दाबत राहिला. ॲम्ब्युलन्सचे लोक पाठीमागच्या काचेतून आत शिरले तेव्हाही दाबतच होता. ऑटिसला त्यांनी विजेचा झटका दिला. तो खोकला. इमोजीन बाकावर बसली.

घरी आली तेव्हा मी तिला सूप करून दिलं. बस घसरली, ऑटिस दवाखान्यात आहे, एवढंच तिने सांगितलं. चमचा हातात धरून बसून राहिली. मला वाटलं, धक्का बसलाय. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला खूप नंतर कळलं.

तिला एक गोष्ट ठाऊक झाली होती जी त्या खटल्यात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. ती गप्प राहिली असती तर ज्युरीवर राहिली असती. आणि ज्युरीला निकाल एकमताने द्यावा लागतो, त्यामुळे एकजण अडून बसला तरी पुरे असतं. तिने आडवा पाय घातला असता तर लेलँडला कुणी पळपुटा ठरवू शकलं नसतं. ज्याने तिचा जीव वाचवला, त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत होती? दुसरीकडे, तो पुटपुटला ते खरंच होतं कशावरून? ज्युरीतली बाई समोर आहे हे त्याला माहीत होतं. पण घाम गाळत, कुणाचं तरी मरण थोपवत माणूस खोटं रचतो का? तिला ठरवता येईना.

सकाळी काउंटीने दुसरी बस पाठवली. ज्युरीच्या खोलीत बाकीचे कॉफी घेत होते. वास्तविक आपापसातही बोलायला मनाई होती, पण शाळेतला जुना फुटबॉलचा प्रशिक्षक होता, त्याला राहवेना.

"पळालाच तो. बेशरम नुसता. बापाकडे एकदा मान वर करून बघत नाही," तो म्हणाला.

इमोजीनच्या ओठांवर शब्द आले. तिने कप खाली ठेवला, उठली आणि दार ठोठावून शिपायाला म्हणाली, "मला न्यायाधीशांना भेटायचंय. आत्ता."

हेन्स बाईंच्या खोलीत दोन्ही वकील होते आणि लेलँडही. इमोजीनने पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याचं नाव घेऊन ओरडले तेसुद्धा सांगितलं.

"तुम्ही संकटात बोललात, त्याचा दोष नाही," हेन्स बाई म्हणाल्या. "पण त्याने तुमचा जीव वाचवला असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं कसलं, बाई. वाचवलाच."

"मग तुम्ही त्याचा न्याय करू शकाल?"

इमोजीनने मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "आणि अजून एक आहे." मग तिने लेलँड जे पुटपुटला ते शब्दन् शब्द सांगितलं.

लेलँड टेबलाकडे बघत होता. त्याचा वकील वहीत लिहिता लिहिता थांबला. सरकारी वकील म्हणाल्या, "ज्युरीसमोर असलं ऐकीव काही येता कामा नये," आणि हेन्स बाईंनी मान्य केलं. इमोजीनला मोकळं केलं, ज्युरीतल्या राखीव माणसाला तिच्या जागी घेतलं. तिने बिल्ला काढून दिला. आपण लेलँडला मदत केली की त्याचा एकुलता एक आधार काढून घेतला, हे तिला कळेना.

संध्याकाळपर्यंत परतीची बस नव्हती. म्हणून ती कोर्टातच मागच्या बाकावर बसून राहिली.

दुपारी लेलँड आणि त्याचा वकील कोपऱ्यात वाद घालत होते; लेलँडला आता स्वतः साक्ष द्यायची होती. "तू साक्षीला उभा राहिलास की ती सरकारी वकीलबाई पहिल्यांदा काय विचारेल?" वकील दबक्या आवाजात म्हणाला. "रस्त्याकडे बघत होतास का? काय सांगणार तेव्हा?"

"जे झालं तेच," लेलँड म्हणाला.

तो उभा राहिला. सगळं सांगितलं : पोराची छाती दाबली, हाका मारल्या, रेंज मिळावी म्हणून व्हॅन वर नेली, फोन करून परत खाली आला. मग सरकारी वकिलांनी तोच प्रश्न विचारला.

"नाही," लेलँड म्हणाला. "बघत नव्हतो. सीटवरचा पावाचा ट्रे घसरला, तो धरायला वाकलो. रस्त्याकडे बघत नव्हतो."

पहिल्या रांगेत नेल्सनचा बाप होबर्ट ब्रॅकेट मान खाली घालून बसला होता. त्याच्या हातातल्या टोपीचा पार चोळामोळा झाला होता.

सोमवारी निकाल लागला. जीव घेतल्याबद्दल दोषी. त्याच्याच तोंडून आलं होतं, दुसरं होणारच काय? पळून गेल्याबद्दल निर्दोष. त्याला कैद झाली, पण सरकारी वकील मागत होत्या त्याहून बरीच कमी.

इमोजीन निकाल ऐकायला गेली होती. बाहेर बसथांब्यावर उभी होती तेव्हा होबर्ट ब्रॅकेट तिच्याजवळ आला.

"तुम्ही ज्युरीतून निघालात त्या ना?"

"हो."

"आता बोलायला चालतं ना? खटला संपलाय."

"चालतं."

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "सरकारी वकीलबाईंनी सांगितलं, तुमच्यासमोर तो काहीतरी बोलला होता. साक्षीला उभं राहायच्या आधी. कोर्टात माणूस स्वतःला वाचवायला काहीही बोलतो. पण तिथे... तिथे काय म्हणाला तो? मला जसंच्या तसं हवंय. गोड करून नको."

इमोजीनने त्याला जसंच्या तसं सांगितलं. "हाक मारत होतो. माझा हात धरलेला त्याने, मग सोडला."

"हात धरला होता?"

"असं म्हणाला."

"हे कोर्टात नाही बोलला."

"नाही बोलला."

होबर्ट थांब्याच्या बाकावर बसला. "मी रोज उलटंच बघतोय हो," तो म्हणाला. "पोर्‍या एकटा पडलाय रस्त्यावर. अंधार पडतोय. कुणीच नाही. जेवायला बसलो की तेच. डोळे मिटले की तेच." त्याने तोंडावर हात दाबून धरला. "त्याला माफ नाही करणार मी. कधीच नाही."

"कुणी सांगितलंय करायला?" इमोजीन म्हणाली.

ती त्याच्या शेजारी बसली. बस आली. नवा ड्रायव्हर दार उघडून वाट पाहत राहिला. इमोजीनने त्याला हातानेच जा म्हणून खुणावलं. पुढची बस अंधार पडल्यावर होती. होबर्ट तिला नेल्सनबद्दल सांगत होता : शिट्टी कशी वाजवायचा, भात का आवडायचा नाही, सायकल कुठून आणली होती. ती ऐकत बसली.